रात्रीत मेथीचा वाफा साफ? आधी चोर ओळखा, मग जाळी लावा

खरीप निघालं, माळावरचं गवत वाळलं की हिरवं उरतं ते फक्त पाण्याखालच्या भाजीत. मग ससे तिकडेच येतात. संध्याकाळी धड असलेला मेथी-पालकाचा वाफा सकाळी खुंटावर आलेला दिसतो आणि बोल बसतो शेजाऱ्याच्या शेळीला.

शेळीशी भांडण्याआधी देठ बघावा. सशाला वर आणि खाली दोन्हीकडे धारदार पुढचे दात असतात, त्यामुळे देठ विळ्याने तिरका छाटल्यासारखा दिसतो. शेळी, हरीण, रोही यांना वरचे पुढचे दात नसतात. ते पाला ओढून तोडतात, कड फाटलेली राहते. सशाचं खाणं जमिनीपासून फार तर दोन फुटांपर्यंत. आसपास गोल, जराशा चपट्या लेंड्या सापडतात आणि चुरल्या की आतून वाळका भुसा निघतो.

आपल्याकडचा ससा मानेवर काळा डाग असलेला. तो बीळ करत नाही, दिवसभर गवतात किंवा झुडपाखाली दबून बसतो. परदेशातले काही ससे बिळं करतात, म्हणून इंटरनेटवरचे व्हिडिओ जाळी खोल पुरायला सांगतात. इथे तेवढा खर्च नको. पण फटीतून घुसायला हा पक्का. काटेरी तारेच्या कंपाउंडला तर तो जुमानतच नाही, खालून सरळ आत.

चालते ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तीच षटकोनी लोखंडी जाळी. भोक एक इंचाचं, उंची तीन फूट. खालचा अर्धा फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर दुमडून त्यावर माती-दगड टाकायचे. मग जाळी अडीच फूट उभी राहते आणि खालून उकरायला जागा उरत नाही. एक गुंठ्याच्या चौकोनी बागेला भोवताली साधारण १३२ फूट जाळी लागते. सगळ्या रानाला हे परवडणार नाही आणि गरजही नाही. खरा धोका रोपवाटिकेला आणि लावणीनंतरच्या पहिल्या तीनेक आठवड्यांना. जाळी काठ्यांना बांधली तर कोबीची रोपं सावरल्यावर तीच उचलून वाटाण्याला लावता येते. बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो फाटकाखाली. तिथे फळी टाका.

नायलॉनची जाळी स्वस्त पडते खरी, पण ससा ती कुरतडतो आणि धामण तिच्यात अडकून मरते. मग उंदीर कोण खाणार? जुन्या साड्या, चमकत्या पट्ट्या, बुजगावणं यांचा उपयोग चार-आठ दिवस, पुढे ससा सरावतो. सडक्या अंड्याच्या पाण्याची फवारणी पालेभाजीवर करूच नये, ती आपल्यालाच खायची असते.

तारेत घरच्या लाईनचा करंट सोडणं मात्र कुणीही करू नये. ससा राहतो बाजूला, पहाटे पाणी द्यायला गेलेला घरचाच माणूस चिकटतो. अशा मृत्यूच्या बातम्या दरवर्षी येतात आणि गुन्हा शेतमालकावर दाखल होतो. झटका यंत्र वेगळं, ते क्षणभराचे ठोके देतं, पण सशाएवढ्या जनावरासाठी त्याचा खर्च कशाला? विष लावलेला पाला तर गाय, कुत्रा, मोर कुणीही खाईल.

फासे लावणंही महागात पडतं. ससा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, त्याला मारणं किंवा पकडणं गुन्हा आहे. रोही-डुकराच्या नुकसानीचा अर्ज वन विभागाकडे जातो, पण सशाने खाल्लेल्या दोन वाफ्यांसाठी पंचनामा मागायला कोण जाणार? खर्च जाळीवरच केलेला बरा.

बागेला लागून असलेल्या बांधावरचं उंच गवत कापून घ्यावं, लपण गेलं की ससा जवळ यायला बिचकतो. बांध पेटवू मात्र नये. सशाची पिल्लं उघड्यावरच, गवतात निपचित पडून असतात. जन्मतःच त्यांच्या अंगावर केस असतात, डोळेही उघडे असतात आणि आई दिवसा जवळ नसते. ती टाकून दिलेली नसतात, उचलून घरी आणू नयेत. आणि जाळीचं शेवटचं टोक बांधण्याआधी आत एक चक्कर मारावी, एखादा ससा वांग्याच्या झाडाखाली दबून बसलेला असू शकतो.