वर्तुळाचे चोवीस भाग

लंडनच्या होल्टझॅप्फेल कारखान्याने 1795 पासून पुढे शंभराहून अधिक वर्षे जी लेथ यंत्रे विकली, त्यांचे गिऱ्हाईक पोटासाठी राबणारे कातारी नव्हते. ते होते सरदार, पाद्री, निवृत्त लष्करी अधिकारी. फावल्या वेळात हस्तिदंतावर आणि आफ्रिकन काळ्या लाकडावर नक्षी कोरणारे हौशी लोक. या यंत्राला जोडायच्या एका सरंजामात लाकूड स्थिर राहत असे आणि छोटे टोकदार पाते गोल फिरून त्यावर वर्तुळ कोरत असे. मग लाकूड मोजक्या अंशांनी वळवायचे, पिन अडकवायची, पुढचे वर्तुळ. अशी वर्तुळे एकमेकांवर चढली की फूल उमलते.

हेच काम साध्या ड्रिल मशीनवर होते. चकमध्ये वर्तुळ कापणारा फ्लाय कटर, आणि टेबलावर लाकूड वळवणारा जिग. कटर बाजारात मिळतो. खरे काम जिगचे, आणि जिगमध्येही भाग पाडणाऱ्या तबकडीचे.

होल्टझॅप्फेलच्या तबकड्यांवर 96, 112, 120, 144, 192, 360 अशा छिद्रांच्या रांगा असत. आपल्याला 24 पुरेत; त्यातून 2, 3, 4, 6, 8 आणि 12 पाकळ्या निघतात. पण कर्कटकात एक अंतर धरून चोवीस वेळा टिंबे मारत गेलात तर घात होतो. दर टिंबाला पाव मिलिमीटर चूक धरली तरी शेवटी 6 मिलिमीटरची फट उरते. म्हणून आधी त्रिज्येनेच सहा भाग पाडावेत, मग प्रत्येक भाग दुभागून 12, पुन्हा दुभागून 24. चूक अशी साचत नाही.

तबकडी मोठी घ्यावी, हा माझा आग्रह आहे. प्लायवुडची 300 मिलिमीटर व्यासाची तबकडी, छिद्रे केंद्रापासून 140 मिलिमीटरवर. तिथे 0.4 मिलिमीटरची चूक झाली, तर केंद्रापासून 35 मिलिमीटरवरच्या नक्षीत ती 0.1 इतकीच उतरते. घाईत लहान तबकडी करणारे नेमका हा फायदा सोडून देतात. छिद्रे 6 मिलिमीटरच्या बिटने पाडावीत आणि त्याच बिटचा गुळगुळीत दांडा पिन म्हणून वापरावा. बसतो घट्ट, डुगडुगत नाही.

तबकडी मधल्या बोल्टवर फिरते. तो बोल्ट स्पिंडलच्या अक्षापासून किती सरकवायचा, यावर नक्षीचे रूप ठरते. वर्तुळाची त्रिज्या 22 आणि सरकही 22 ठेवली, तर सगळी वर्तुळे मध्यबिंदूतून जातात. सहा पाकळ्यांना हे शोभते. बारा घेतल्या की मध्यभागी खाचांची एवढी गर्दी होते की लाकूड उखडून येते. सरक 25 केली, तर मधोमध 3 मिलिमीटर त्रिज्येची अखंड टिकली उरते आणि तिच्याभोवती पाकळ्यांची जाळी ताठ उभी राहते. मला हे रूप जास्त आवडते.

शिसम घट्ट, त्यात खाचेच्या कडा धारदार निघतात. सागात दोन खाचांमधली बारीक टोके आडव्या रेषेत तुटायची भीती असते, म्हणून तिथे पाकळ्या कमी ठेवाव्यात.

फ्लाय कटरच्या मधले गिरमिट काढून टाकावे, नाहीतर प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर भोक पडेल. मात्र ते निघाले की कटरला आधार राहत नाही, म्हणून लाकूड तबकडीला स्क्रूने आणि जिग टेबलाला क्लॅम्पने आवळलेला हवा. कटर एका बाजूला जड असतो; वेग मिनिटाला 500 फेऱ्यांच्या आत, हातमोजे अजिबात नाहीत. आणि लाकूड फिरत्या पात्याखाली आडवे ढकलायचे नाही. ड्रिलचे चक खाली दाबण्यासाठी बनलेले असते. बाजूचा ताण पडला तर ते निसटून खाली येऊ शकते.

खोली ड्रिलच्या स्टॉपवर एकदाच बांधावी, जेमतेम एक मिलिमीटर. फळी कोरण्याआधीच घासून, पॉलिश करून तयार ठेवावी. नंतर सँडपेपर फिरवला की कडा गोल होतात, नक्षी मिटते. कोरून झाल्यावर ताठ केसांच्या ब्रशने भुसा झाडायचा आणि मेणाचा पातळ हात द्यायचा.