हट्टी पॅकेज काढताना जोर नको, आधी वही पाहा

संगणक आता दुकानातली चैनीची वस्तू राहिलेली नाही. बिल, उधारी, जीएसटीचा हिशेब, मालाची नोंद, सारे त्याच्यावरच चालते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. ज्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, तिच्यासाठी लिनक्स हा बिनपैशाचा मार्ग आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकले की जुनी मशीन पुन्हा कामाला लागते. मात्र लिनक्सकडे वळलेल्या दुकानदारांची एक तक्रार आमच्या कानावर नेहमी येते. नको असलेले पॅकेज काढायला गेले तर ते निघत नाही, आणि ते निघत नाही तोवर दुसरे काही चढतही नाही. हा प्रकार काय आहे, ते आम्ही येथे व्यापाऱ्याच्या भाषेत सांगत आहोत.

गोदाम आणि वही

लिनक्समध्ये प्रोग्राम ज्या बांधलेल्या गठ्ठ्यात येतो, त्याला पॅकेज म्हणतात. डेबियन, उबुंटू आणि मिंट या घराण्यात दोन कारभारी असतात. डीपीकेजी हा गोदामातला माणूस. तो गठ्ठा सोडतो, माल जागेवर लावतो आणि वहीत नोंद करतो. ॲप्ट हा त्याच्या वरचा मुनीम. कोणत्या मालाबरोबर दुसरा कोणता माल लागतो, हे तो पाहतो. ही वही /व्हार/लिब/डीपीकेजी या फोल्डरमध्ये असते.

गठ्ठ्याबरोबर चार छोट्या चिठ्ठ्याही येतात: माल लावण्यापूर्वी काय करावे, लावल्यानंतर काय करावे, काढण्यापूर्वी काय आणि काढल्यानंतर काय. या चिठ्ठ्यांना स्क्रिप्ट म्हणतात. पॅकेज हट्टी होते ते बहुतेक वेळा एखादी चिठ्ठी मध्येच अडल्यामुळे. वहीत काम अर्धवट दिसते आणि मुनीम पुढचा व्यवहार थांबवतो. हिशेब जुळल्याशिवाय पुढचे पान उलटायचे नाही, हा त्याचा दस्तूर. तो चुकीचा आहे असे आम्हाला वाटत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की फाइली हाताने पुसू नयेत. गोदामातून ताके उचलले आणि वहीत नोंद तशीच ठेवली, तर घोळ वाढतो. येथेही तसेच आहे.

साधी रीत

खाली दिलेले हुकूम टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत लिहावेत. सुडो म्हणजे मालकाच्या इजाजतीने केलेले काम. त्यासाठी पासवर्ड विचारला जातो.

सुडो ॲप्ट रिमूव्ह, आणि पुढे पॅकेजचे नाव: याने प्रोग्राम निघतो, पण त्याच्या सेटिंगच्या फाइली राहतात.

सुडो ॲप्ट पर्ज, आणि पुढे नाव: याने त्या सेटिंगही जातात. घराच्या फोल्डरमधील आपली कागदपत्रे यात जात नाहीत. परंतु मारियाडीबीसारख्या डेटाबेसचे पॅकेज पर्ज करताना, सारा डेटाही पुसायचा काय, असा प्रश्न पुढे येतो. आपला हिशेबाचा प्रोग्राम त्याच डेटाबेसवर चालत असेल, तर तेथे न वाचता होकार देणे म्हणजे खतावणी चुलीत घालणे होय. आधी पेनड्राइव्हवर नक्कल घ्यावी.

हुकूम दिल्यावर मुनीम एक यादी दाखवतो: अमुक अमुक पॅकेजेसही निघतील. ही यादी शेवटपर्यंत वाचावी. हुकमात -एस जोडले तर तो प्रत्यक्ष काही न करता फक्त यादी दाखवतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडाचे प्रसिद्ध यूट्यूबकार लायनस सेबॅस्टियन पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हा खेळांचा प्रोग्राम चढवत होते. पॅकेजांच्या साठ्यातील एका दोषामुळे ॲप्टने डेस्कटॉपच काढून टाकण्याची यादी पुढे ठेवली. धोक्याचा इशाराही दिला आणि ‘मी सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे पूर्ण इंग्रजी वाक्य लिहून मागितले. त्यांनी ते लिहिले आणि सारा डेस्कटॉप नाहीसा झाला. पुढे ॲप्टच्या कर्त्यांनी ही वाट अधिक अवघड केली. पण यादी वाचण्याची जबाबदारी आजही मालकाचीच आहे.

अडण्याची कारणे आणि त्यांवर इलाज

एक: वीज गेली. पॅकेज चढत असताना वीज गेली की वही अर्धवट राहते. पुढच्या वेळी डीपीकेजीचे काम मध्येच तुटल्याचा संदेश येतो. इलाज सोपा आहे.

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

याने राहिलेली सारी अर्धवट कामे पुरी होतात. त्यानंतर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ द्यावा, म्हणजे जोडीचा जो माल कमी पडतो तो भरला जातो. पुष्कळदा रोग येथेच बरा होतो.

दोन: वहीला कुलूप आहे. एका वेळी एकच हात वहीत लिहू शकतो. उबुंटू पडद्यामागे आपोआप सुधारणा चढवत असते, तेव्हा कुलूप असते. संदेशात बहुधा कोणाच्या हाती कुलूप आहे तेही लिहिलेले असते. थोडे थांबावे. कुलपाची फाइल पुसा असा सल्ला देणारे भेटतात. तो मानू नये. दोन हात एकाच वेळी वहीत लिहू लागले की वहीच बिघडते.

तीन: काढण्याची चिठ्ठीच चुकीची आहे. हा खरा हट्टी प्रकार. एका कंपनीचा प्रिंटर ड्रायव्हर आम्ही पाहिला. त्याची चिठ्ठी काढण्यापूर्वी एक सेवा बंद करू पाहायची, आणि ती सेवा मशीनवर मुळात नव्हतीच. चिठ्ठी अडली की ड्रायव्हर जागचा हलत नसे. पॅकेज फारच बिघडलेल्या स्थितीत आहे, आधी पुन्हा चढवा, असा संदेश येतो तेव्हा तो शब्दशः मानावा. तेच पॅकेज मूळ ठिकाणाहून नव्याने आणून ‘सुडो डीपीकेजी -आय’ आणि फाइलचे नाव असा हुकूम द्यावा. गठ्ठा धड झाला की मग पर्ज करावा.

तरीही निघत नसेल, तर /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो या फोल्डरमध्ये त्या पॅकेजच्या नावाची आणि शेवटी पीआरईआरएम अशी अक्षरे असलेली फाइल शोधावी. काढण्यापूर्वीची चिठ्ठी ती हीच. ती पुसू नये, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवून ठेवावी. चिठ्ठी नसली की डीपीकेजी ते पाऊल वगळतो. शेजारीच त्या नावाची शेवटी लिस्ट असलेली फाइल असते, तिला हात लावू नये. कोणत्या फाइली काढायच्या, हे त्याला तिच्यावरूनच कळते. शेवटचा हुकूम असा:

सुडो डीपीकेजी --रिमूव्ह --फोर्स-रिमूव्ह-रीइन्स्टरेक, आणि पुढे नाव

हे कडू औषध आहे. वरचे सारे उपाय थकल्यावरच घ्यावे.

चार: माल या वहीतलाच नाही. काही प्रोग्राम स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या वेगळ्या दुकानांतून येतात. त्यांची वही वेगळी असते, म्हणून ॲप्टला ते सापडत नाहीत. तेथे ‘स्नॅप रिमूव्ह’ किंवा ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल’ चालते. काही प्रोग्राम कोणत्याच वहीत न नोंदता थेट /ऑप्ट या फोल्डरमध्ये बसतात. त्यांच्याच फोल्डरमध्ये काढण्याची फाइल बहुधा दिलेली असते.

फेडोराच्या घराण्यात कारभाऱ्यांची नावे आरपीएम आणि डीएनएफ अशी आहेत. तेथे अडलेली चिठ्ठी वगळायची असेल तर ‘आरपीएम -ई --नोस्क्रिप्ट्स’ हा हुकूम आहे. तत्त्व तेच.

शेवटी तपासणी

काम झाल्यावर ‘डीपीकेजी -एल’ देऊन वही वाचावी. ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरे असतात. आयआय म्हणजे माल धड लागलेला आहे. आरसी म्हणजे माल गेला, सेटिंग राहिली. आयएफ किंवा आययू म्हणजे काम अर्धवट. सारे ठीक असेल तर ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने मागे उरलेला बिनकामाचा जोडमाल निघतो. त्याचीही यादी आधी वाचावी. /व्हार/लॉग/ॲप्ट या फोल्डरमधील हिस्टरी फाइलमध्ये कोणत्या दिवशी काय चढले आणि काय निघाले, याची तारीखवार कीर्द मिळते.

व्यापारी बांधवांनी लक्षात ठेवावे ते एवढेच. संगणकावर पडद्यावरचा संदेश ही आपल्याला मिळालेली पहिली पावती आहे. ती न वाचता कोणीतरी सांगितलेला जोराचा हुकूम देऊ नये. लहान दुकानात हिशेबाची मशीन बहुधा एकच असते. ती एक दिवस बंद पडली तरी गिऱ्हाइकासमोर मान खाली जाते आणि उधारीची वसुली अडते. आधी नक्कल, मग यादी, मग हुकूम, हा क्रम पाळला तर हट्टी पॅकेजही निघते आणि खतावणीही शाबूत राहते.