कलवलेलं टूल

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ऐकतच आम्ही वाढलो. परभणीच्या आयटीआयमधून मशीनिस्ट होऊन पुण्याला आलो, आणि म्हणीतली ती जर्मनी मला भोसरीच्या एका शेडमध्ये भेटली. गोसहाइम गावच्या हर्मलेचं फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीन आणि त्यावर ट्राउनरॉइटच्या हायडेनहाइनचा कंट्रोलर. टूल एक्स, वाय, झेड असं तीन दिशांना सरकतं. खालचं टेबल पाळण्यासारखं झुकतं आणि झुकलेलं असतानाच स्वतःभोवती फिरतं. हे पाच अक्ष. टेबलावर टायटॅनियमचा इम्पेलर होता, म्हणजे पाकळ्यांचं चाक. पाकळ्या एकमेकींवर अशा वळलेल्या, की सरळ वरून आलेलं टूल त्यांच्या पोटाशी पोचणारच नाही.

पण पोचणं हा पाच अक्षांचा लहानसा उपयोग. मला वेड लागलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. वळणदार पृष्ठभागाला गोल नाकाचं बॉलनोज टूल लागतं. 10 मिमीचं टूल मिनिटाला 12,000 फेऱ्यांनी फिरवलं तर कडेचा वेग मिनिटाला 377 मीटर होतो, आणि नेमक्या टोकाचा शून्य! जात्याच्या पाळूची कड गरगरते, पण मधला बिंदू जागचा हलत नाही, तसंच. उभं टूल त्या टोकानं धातू कापत नाही, नुसतं घासतं. तेच 15 अंश कलवा. आता ते साधारण 2.6 मिमीच्या वर्तुळावर कापू लागतं. टोक हवेत, धार कामाला. पाचव्या अक्षाची खरी कमाई मी हीच मानतो. तिरपं होताना टोक जागेवरून सरकू नये, म्हणून प्रोग्राममध्ये ‘एम 128’ लिहायचं. बाकीचे अक्ष कंट्रोलर आपोआप जुळवून घेतो.

टायटॅनियमची खोड वेगळीच. उष्णता त्यातून लवकर वाहून जात नाही, धारेपाशीच साठते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमला मिनिटाला हजार मीटरचा वेग सहज देणारा, मशीन लावणारा सेटर इथे साठ-सत्तरवर येतो, काप पातळ ठेवतो आणि कूलंटचा जोरकस फवारा थेट धारेवर सोडतो. पातळ पाकळी थरथरते, म्हणून ती शेंड्याकडून बुडाकडे थराथरानं सोलत आणायची. खालचा अखंड धातू तोवर तिला धरून ठेवतो. हुरड्याचं कणीस चोळणाऱ्या हाताला ही आधाराची जाण असतेच.

या यंत्रांचा इतिहास थोडक्यात सांगतो. हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी जॉन पार्सन्सनं आकड्यांवर मशीन चालवायची कल्पना मांडली आणि 1952 साली एमआयटीनं तसं मिलिंग मशीन चालवून दाखवलं. आपल्याकडे असं नेमकं काम लागतं ते विमानांना आणि रॉकेटांना. 1964 साली ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, त्यांची इंजिनं मात्र ओडिशात कोरापुटला बनत. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये इस्रोची विकास इंजिनं बनतात. 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 उडालं तेव्हा त्या रॉकेटच्या एल 110 टप्प्यात अशी दोन होती. चाकणला जीईचा कारखाना 2015 साली उघडला.

एकदा अशाच एका इम्पेलरचा शेवटचा फिनिशिंग पास संपला, मशीनचं दार सरकलं. मशीनवरच्या, आमच्या मानवतकडच्या एका पोरानं कूलंट पुसून पाकळीच्या बुडाशी नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही. मग माझं बोट धरून तिथंच फिरवलं आणि म्हणाला, “बघा काका, लागतंय का काही?”