सहा नंबर कुठला?

यावलहून भुसावळला गेलं की जो हायवे लागतो, तो आमच्याकडे आजही 'सहा नंबर'च. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर-कोलकाता असा तो जुना राष्ट्रीय महामार्ग ६. पण २०१० मध्ये देशभर नवे क्रमांक लागले आणि आपला ६ झाला ५३. ६ हा आकडा गेला मेघालय-मिझोरामकडे. कारण नव्या पद्धतीत दक्षिणोत्तर मुख्य मार्गांना सम क्रमांक, तेही पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढणारे. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे.

मला हे कधी कळलं? केळीच्या ट्रकवाहतुकीसाठी जुने-नवे तक्ते 'रा.म. ६' वरून जोडले, तेव्हा. खान्देशचा आलेख थेट शिलाँगला पोहोचला! एक्सेलने काहीच तक्रार केली नाही, हीच तर गंमत. दोन दिवस गेले.

हे फक्त रस्त्यांचं नाही. 'ए४' म्हणजे इंग्लंडमधला लंडन-ब्रिस्टल रस्ता, १९३८ मध्ये वेगाचा विक्रम करणारं मॅलार्ड इंजिन ज्या वर्गातलं तो वर्ग, अमेरिकेचं स्कायहॉक विमान, आणि तुमच्या सिनॉप्सिसचा कागदसुद्धा.

तेव्हा तक्त्यात नुसता क्रमांक नको. शेजारी यादी कुठली आणि वर्ष कुठलं, हे दोन रकाने ठेवाच. रस्ता असेल तर दोन्ही टोकांची गावंही लिहा.