घरगुती मत्स्यटाकीसाठी सुरक्षित तळथराची निवड

मत्स्यटाकीच्या तळाशी पसरलेली वाळू वा खडी ही केवळ सजावट नसते. पाण्याशी तिचा अखंड संपर्क असल्याने ती पाण्याचे गुणधर्म बदलू शकते, तळाशी वावरणाऱ्या माशांना इजा करू शकते आणि उपयुक्त जिवाणूंना आश्रयही देते.

बंगळूरच्या उत्तरेकडील येलहंका परिसरात ग्रॅनाइट व नाइस हे कठीण खडक आढळतात. अनेक वसाहती विंधण विहिरींवर अवलंबून असून त्यांचे पाणी बहुधा कठीण असते. म्हणून टेट्रा, डिस्कस यांसारख्या मृदू पाण्यातील माशांसाठी हौशी पालक आरओचे किंवा पावसाचे पाणी वापरतात. तळाशी चुनायुक्त दगड असल्यास तो या पाण्यात हळूहळू विरघळतो आणि कठीणता पुन्हा वाढते.

धोका कोठे आहे?

संगमरवराचे तुकडे, शिंपले, प्रवाळ आणि चुनखडी यांत कॅल्शियम कार्बोनेट असते. त्यामुळे पाण्याचा सामू ८ च्या पुढे जाऊ शकतो. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया अशा पाण्यात अधिक घातक ठरतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का विषारी स्वरूपात असतो; सामू ८ झाल्यास हेच प्रमाण ५ टक्क्यांवर जाते. अमोनिया तेवढाच, परंतु त्याचे विष जवळजवळ दहापट!

कोणते साहित्य निवडावे?

गोलसर कडांची, धुतलेली नदीची वाळू किंवा गारगोटीची खडी सर्वांत सुरक्षित होय. बांधकामासाठी सहज मिळणारी एम-सँड ही ग्रॅनाइट भरडून केलेली असते. रासायनिकदृष्ट्या ती बहुधा निरुपद्रवी असली, तरी तिच्या धारदार कडांमुळे कोरीडोरास, लोच अशा माशांच्या मिशा झिजतात. गोल्डफिश तळ उकरून खात असल्याने त्याच्या तोंडात अडकेल अशा आकाराची खडी टाळावी. वाळू तरी बारीक असावी किंवा दगड तोंडापेक्षा मोठे असावेत.

महाराष्ट्रातील वाचकांनीही दक्षता घ्यावी. कोकणातील किनाऱ्यावरील वाळूत शिंपल्यांचा चुरा व मीठ असते, तर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे स्फटिक सापडतात. प्रवाळ गोळा करणे वा विकणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

घरच्या घरी परीक्षा

१. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आल्यास दगड चुनायुक्त समजावा. मात्र डोलोमाइट व्हिनेगरला फारसा प्रतिसाद देत नाही. म्हणून पुढील परीक्षाही करावी.
२. मूठभर खडी आरओच्या पाण्यात आठवडाभर भिजवावी. आरंभी व शेवटी परीक्षण-संचाने सामू व कठीणता मोजावी. लक्षणीय वाढ झाल्यास खडी वापरू नये.
३. रंगीत खडी पांढऱ्या भांड्यात भिजवावी. रंग सुटल्यास किंवा थर निघाल्यास ती नाकारावी.

वापर व निगा

साठ सेंटिमीटर लांब व तीस सेंटिमीटर रुंद टाकीत पाच सेंटिमीटर थरासाठी नऊ लिटर, म्हणजे सुमारे १३ ते १४ किलो वाळू लागते. पाणी नितळ येईपर्यंत ती धुवावी. साबण कदापि वापरू नये. दगड उकळू नयेत, कारण आत साठलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात.

तळथरावरील जिवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये व पुढे तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये करतात. म्हणून संपूर्ण तळथर एकाच वेळी बाहेर काढून नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली धुऊ नये. दर आठवड्यास पाण्याचा पाचवा ते चौथा हिस्सा बदलताना नळीने तळाचा गाळ ओढून घ्यावा. तळथर बदलणे अपरिहार्य असल्यास तो टप्प्याटप्प्याने बदलावा व त्या काळात खाद्य कमी द्यावे.