वाक्प्रचारांची कुळकथा : 'द बक स्टॉप्स हिअर'

वरिष्ठाचा माघारीचा इशारा दिसू नये म्हणून दुर्बीण आंधळ्या डोळ्यास लावणाऱ्या नेल्सनची हकीकत गेल्या लेखांकात आपण पाहिली. त्या हकीकतीशी जोडला जाणारा वाक्प्रचार हाताखालच्या अधिकाऱ्याच्या धाडसाचा. आज ज्याचा विचार करावयाचा आहे, तो मात्र ज्याच्यावर हुकूम करणारा दुसरा कोणी उरलेला नाही अशा सर्वोच्च अधिकाऱ्याच्या मेजावरून जगभर गेला. 'द बक स्टॉप्स हिअर' याचा इत्यर्थ असा, की निर्णयाचे जे ओझे हातोहात सरकत येथवर आले, ते येथून पुढे कोणाकडेही सरकावयाचे नाही.

यातील 'बक' मूळचा पत्त्यांच्या फडातला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर पोकर खेळताना, पाने वाटण्याची पाळी ज्याची असेल त्याच्यापुढे खुणेची एक वस्तू ठेवीत; ती पुष्कळदा हरणाच्या शिंगाची मूठ असलेला चाकू असे, आणि नर हरणास इंग्रजीत 'बक' म्हणत असल्यामुळे त्या खुणेसही तेच नाव पडले, असे बहुतेक कोशकार मानतात. ज्यास वाटप नको असेल त्याने ती शेजाऱ्यापुढे सारावी, असा रिवाज होता. मार्क ट्वेनच्या १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या 'रफिंग इट'मध्ये स्कॉटी ब्रिग्ज नावाचा नेवाडातील एक रांगडा गडी मित्राच्या अंत्यविधीची तजवीज करण्यासाठी एका तरुण पाद्र्याकडे जातो, आणि पाद्र्याची ग्रांथिक भाषा डोक्यावरून जाऊ लागताच याच खेळातले शब्द योजून आपली हार कबूल करतो. पुढे कचेऱ्यांच्या बोलीत 'बक पास करणे' म्हणजे आपल्या गळ्यातले लोढणे दुसऱ्याच्या गळ्यात अडकविणे, हा अर्थ स्थिर झाला.

'बक येथे थांबतो' हे उलट वचन प्रसिद्धीस आणले ते राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी. त्यांचे स्नेही आणि मिसुरीच्या पश्चिम विभागाचे मार्शल फ्रेड कॅनफिल यांनी ओक्लाहोमातील एल रिनो येथील सुधारगृहात अशी एक पाटी पाहिली, आणि तशीच दुसरी करवून घेऊन ती २ ऑक्टोबर १९४५ रोजी ट्रुमन यांच्याकडे रवाना करविली. अक्रोडाच्या लाकडी बैठकीवर बसविलेली, सुमारे तेरा इंच लांब आणि अडीच इंच उंच अशी ही पाटी. तिच्या पाठीमागल्या अंगास 'मी मिसुरीचा' एवढीच अक्षरे. तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रूझवेल्ट यांच्या निधनामुळे १२ एप्रिल १९४५ रोजी अधिकारावर आलेल्या आणि अणुबॉम्बच्या योजनेची सविस्तर माहिती त्यानंतरच हाती आलेल्या या गृहस्थाने हिरोशिमा आणि नागासाकी यांचे भवितव्य ठरविले, ते ही पाटी येण्याच्या दोन महिने अगोदर. तो निर्णय योग्य होता किंवा कसे, याविषयी विचारवंतांत तीव्र मतभेद आहेत आणि ते मिटणारेही नाहीत. परंतु ट्रुमन यांनी त्याचा भार सेनानींवर किंवा शास्त्रज्ञांवर कधी ढकलला नाही.

पाटीची खरी कसोटी लागली ती कोरियाच्या युद्धात. जनरल डग्लस मॅकआर्थर हे दुसऱ्या महायुद्धाचे लोकोत्तर विजेते, आणि युद्ध चीनपर्यंत वाढवावे या मताचे. सरकारी धोरणाविरुद्धचे त्यांचे एक पत्र ५ एप्रिल १९५१ रोजी प्रतिनिधिगृहात जाहीरपणे वाचले गेले, तेव्हा ट्रुमन यांनी संरक्षणमंत्री मार्शल, परराष्ट्रमंत्री अ‍ॅचिसन आणि संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष जनरल ब्रॅडली यांच्याशी मसलत केली. सेनाप्रमुखांचेही मत त्यांना अनुकूल पडले. बातमी आधीच फुटेल या भीतीने ११ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर एक वाजता वार्ताहरांना पाचारण करून बडतर्फीचा हुकूम जाहीर करण्यात आला, आणि टोकियोत मॅकआर्थर पाहुण्यांसह भोजनास बसले असताना, अधिकृत खलिता पोहोचण्यापूर्वीच, रेडिओची बातमी त्यांच्या कानी आली. जाहीर करण्याची ही रीत त्या वृद्ध सेनापतीच्या मानास शोभणारी नव्हती, असे मला वाटते; हुकूम मात्र मुलकी सत्तेच्या रक्षणास आवश्यक होता. सेनाप्रमुखांच्या सल्ल्याआड दडून बसण्याची वाट अध्यक्षांना मोकळी होती. ती त्यांनी धरली नाही. मॅकआर्थर यांच्या स्वागतास न्यूयॉर्कचे रस्ते माणसांनी फुलून गेले, आणि फेब्रुवारी १९५२ मधील गॅलप चाचणीत ट्रुमन यांच्या कारभारास अनुकूल असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २२ वर आले.

अलीकडे हा वाक्प्रचार काम बिघडल्यानंतर दोष पत्करण्याच्या अर्थाने फार वापरला जातो, आणि तेवढ्याने त्याचे बळ निम्मे होते. डिसेंबर १९५२ मध्ये नॅशनल वॉर कॉलेजातील भाषणात ट्रुमन यांनी पाटीचा उल्लेख केला तो वेगळ्या रोखाने : खेळ संपल्यावर काय करावयास हवे होते हे सांगणे सोपे असते, पण प्रश्न समोर उभा असतो त्या घटकेस निर्णय केल्यावाचून सुटका नसते. जानेवारी १९५३ मधील निरोपाच्या भाषणातही, अध्यक्षाने निर्णय करावयाचा असतो, त्याच्या वतीने तो दुसरा कोणी करू शकत नाही, हेच त्यांनी देशवासीयांस सांगितले.

पुढील लेखांकात रुबिकॉन नदीच्या काठी सैन्यासह येऊन ठेपलेल्या ज्यूलियस सीझरकडे वळू.