उसाला कर नाही, पण ट्रकला आहे!
(जोडधंदा करणाऱ्या सभासदांसाठी प्राप्तिकराच्या चार गोष्टी)



गेल्या गळीत हंगामात एक सभासद हातात वाहतुकीचे बिल घेऊन हिशेब विभागात आले. स्वतःचा एक ट्रक, हंगामभर ऊस वाहतूक, बिल झाले ९ लाख रुपये आणि त्यातून कापले गेले १ लाख ८० हजार. “साहेब, आमी शेतकरी माणसं. आमाला कसला आलाय इन्कम टॅक्स? आमी काय चोरी केलीया?” असे ते म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता आणि डोळे भरलेले होते. आम्ही कागद काढून पाहिले. पॅन कार्ड होते, परंतु ते आधारशी जोडलेले नव्हते. असे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरले जाते आणि पॅनच नाही असे समजून बिलातून २० टक्के कपात करावी लागते. कपात नियमाला धरून होती. पण हंगाम सुरू होण्यापूर्वी आम्ही त्यांना गाठून दोन शब्द सांगितले असते, तर ही वेळ आली नसती. हा दोष आमचाही आहे आणि तो मान्य करूनच हा लेख लिहीत आहोत.

हजार रुपये विलंब शुल्क भरून त्यांनी पॅन-आधार जोडणी केली, विवरणपत्र भरले आणि पैसे परत मिळाले. मात्र मधले सहा महिने ट्रकचे हप्ते भरायला त्यांना पतसंस्थेचे कर्ज काढावे लागले. ते व्याज कोणी परत देत नाही.

शेतीचे उत्पन्न कोणते, धंद्याचे कोणते?

आपल्या शेतात पिकवलेल्या उसाचे बिल म्हणजे शेतीचे उत्पन्न. त्यावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. ऊस रोपवाटिकेत तयार केलेल्या रोपांच्या विक्रीचे उत्पन्नही शेतीचेच धरले जाते. इथवर सर्वांना ठाऊक आहे. घोटाळा होतो तो पुढे.

दुधाचा धंदा, कोंबडीपालन, ट्रक किंवा ट्रॅक्टर भाड्याने चालवणे, तोडणी-वाहतुकीची ठेकेदारी, खताचे दुकान, पिठाची गिरणी यांचे उत्पन्न शेतीचे नव्हे, धंद्याचे आहे. गोठा शेतात आहे, वैरण शेतातली आहे, म्हणून दुधाचे बिल शेतीचे होत नाही. कारखान्याच्या शेअर्सवरील लाभांश आणि ठेवींवरील व्याज हेही करपात्र उत्पन्नातच धरावे लागते. घरच्या उसाचा गूळ करून विकणाऱ्यांनी उसाची बाजारभावाने होणारी किंमत शेतीकडे आणि त्यावरचा नफा धंद्याकडे असा हिशेब ठेवावा.

काही जण सरसकट सगळे उत्पन्न ‘शेती’ या सदरात लिहून मोकळे होतात. तसे करू नये. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांवर गेले की विवरणपत्रात जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की खंडाची, बागायत की जिरायत, हे सारे लिहून द्यावे लागते. दोन एकरांत वीस एकरांचे उत्पन्न दाखवले तर ते कागदावरच उघडे पडते.

बारा लाखांचा गैरसमज

“बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही,” हे वाक्य चावडीवर सर्रास ऐकू येते. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या एकूण उत्पन्नाला ६० हजारांपर्यंत करसूट मिळते, हे खरे. परंतु शेतकऱ्याच्या बाबतीत त्यात एक मेख आहे.

१९७३ च्या वित्त कायद्याने, प्रा. के. एन. राज समितीच्या शिफारशीला अनुसरून, अशी पद्धत आली की शेती उत्पन्नावर कर लावायचा नाही, पण धंद्याच्या उत्पन्नाला कोणता दर लावायचा हे ठरवताना शेतीचे उत्पन्न जमेस धरायचे. निव्वळ शेती उत्पन्न ५ हजारांवर आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या (नव्या पद्धतीत ४ लाख) वर असेल, तर हा हिशेब लागू होतो. दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण: धंद्याचे ६ लाख, शेतीचे ५ लाख. दोन्ही मिळून ११ लाखांवरचा कर ५० हजार. शेतीचे ५ लाख अधिक मर्यादेचे ४ लाख, म्हणजे ९ लाखांवरचा कर ३० हजार. वजा जाता २० हजार उरतात. ते पूर्ण करसुटीत जातात. भरायचे शून्य. विवरणपत्र मात्र भरलेच पाहिजे, कारण धंद्याचे उत्पन्न ४ लाखांवर आहे.

दुसरे उदाहरण: धंद्याचे ८ लाख, शेतीचे १२ लाख. २० लाखांवरचा कर २ लाख. १६ लाखांवरचा कर १ लाख २० हजार. फरक ८० हजार. करसूट ६० हजार. उरले २० हजार, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २०,८०० रुपये भरणे आले. धंद्याचे उत्पन्न बारा लाखांच्या आत असूनही! ज्यांचा ऊस मोठा आणि धंदाही बरा, अशा सभासदांनी हा हिशेब वेळेवर मांडून घ्यावा.

कीर्द-खतावणी जमत नसेल तर

लहान धंदेवाल्यांसाठी कायद्यातच सोय आहे. वार्षिक उलाढाल २ कोटींच्या आत असेल (रोख जमा ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर ३ कोटी), तर उलाढालीच्या ८ टक्के हा नफा धरून कर भरता येतो. बँकेतून किंवा मोबाईलवरून आलेल्या रकमेवर हाच दर ६ टक्के आहे. म्हणजे गिऱ्हाईक रोख देण्याऐवजी खात्यात भरत असेल तर नफा कमी धरला जातो. सरळ बचत हीच. कमिशन, दलाली आणि एजन्सीच्या धंद्याला मात्र ही सोय नाही. आणि एकदा ही पद्धत घेऊन पुढच्या पाच वर्षांत मध्येच सोडली, तर त्यानंतर पाच वर्षे तिच्याकडे परतता येत नाही. वर कीर्द-खतावणी आणि ऑडिटचा खर्चही पाठीस लागू शकतो.

दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्यांसाठी निराळा नियम आहे. एकूण वजन १२ टनांपर्यंतच्या गाडीला दरमहा ७,५०० रुपये, आणि त्याहून जड गाडीला दर टनामागे दरमहा १,००० रुपये उत्पन्न धरतात. १६ टनी ट्रक असेल तर महिना १६ हजार, वर्षाचे १ लाख ९२ हजार. गाडी हंगामानंतर दारात उभी असली तरी ज्या महिन्यांत ती मालकीची आहे ते सगळे महिने मोजायचे. प्रत्यक्ष कमाई याहून जास्त असेल तर जास्तीची रक्कमच दाखवावी. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी आपली गाडी कोणत्या नियमात बसते हे करसल्लागारांना विचारूनच ठरवावे.

अशा अंदाजी पद्धतीने उलाढालीवर कर भरणाऱ्यांना आगाऊ कराचा एकच हप्ता, १५ मार्चपर्यंत भरायचा असतो.

आता एक चूक, जी आपल्या भागात वारंवार होते. या पद्धतीसाठी ‘सुगम’ नावाचा सोपा फॉर्म आहे, म्हणून संगणकवाला तोच भरून देतो. परंतु शेतीचे उत्पन्न ५ हजारांवर असेल तर हा फॉर्म आतापर्यंतच्या नियमाप्रमाणे चालत नाही, तीन नंबरचा मोठा फॉर्म भरावा लागतो. फॉर्म भरायला बसण्यापूर्वी “माझा ऊस आहे” एवढे तीन शब्द तेवढे सांगा.

हंगामापूर्वी करावयाच्या गोष्टी

एक: पॅन-आधार जोडणी तपासा. घरातल्या प्रत्येकाची.

दोन: दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असणाऱ्या वाहतूकदाराने पॅन आणि तसे प्रतिज्ञापत्र दिले, तर वाहतुकीच्या बिलातून कर कापला जात नाही. तोडणीच्या आणि कमिशनच्या रकमेला ही सवलत नाही.

तीन: ज्यांच्या बिलातून १ टक्का कापला जातो, त्यांनी तो आपल्या पॅनवर जमा झाल्याची खात्री करावी आणि विवरणपत्र मुदतीत भरावे. ९ लाखांच्या बिलावर तो टक्का ९ हजारांचा होतो. न मागता तो परत येत नाही.

चार: हातउसने २० हजार किंवा त्यावर रोखीने घेऊ नका, रोखीने फेडूही नका. तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. फक्त शेतीचेच उत्पन्न असलेल्या आणि कोणतेही करपात्र उत्पन्न नसलेल्या दोन शेतकऱ्यांमधील उसनवारीला घेताना यातून सूट आहे. एकाचे जरी दुकान निघाले आणि करपात्र उत्पन्न झाले, तर ती सूट गेली.

पाच: घरच्या लक्ष्मीच्या नावाने दूधधंदा दाखवायचा असेल तर म्हशी तिच्या स्वतःच्या पैशांतून किंवा तिच्या कर्जातून घ्या, बिल तिच्या खात्यात येऊ द्या. नवऱ्याने पैसे दिले आणि नाव तेवढे तिचे लावले, तर ते उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. खरोखर तिचा धंदा असेल तर तिची करमुक्त मर्यादा स्वतंत्र मिळते, आणि तिचे नाव व्यवहारात उभे राहते हा लाभ वेगळाच.

कलमांचे आकडे आम्ही मुद्दामच दिलेले नाहीत. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आपल्या हिशेबाचा अंतिम सल्ला करसल्लागाराकडूनच घ्यावा.

कागद बोलतो

सहकारी साखर कारखान्यांनी सभासदांना दिलेला जादा ऊसदर म्हणजे खर्च की नफ्याचे वाटप, हा वाद प्राप्तिकर खात्याशी वर्षानुवर्षे चालला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात सांगितले की दरातला नफ्याचा भाग किती, हे हिशेब पाहून ठरवा. पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ या कर आकारणी वर्षापूर्वीचे पेमेंट खर्च म्हणून मान्य करण्याची तरतूद झाली आणि सुमारे १० हजार कोटींचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. जो धडा कारखान्यांना मिळाला तोच घरच्या धंद्यालाही लागू आहे. कागद असेल तर भांडता येते.

नव्या ट्रकसाठी बँकेत जा, पहिला प्रश्न विवरणपत्राचा येतो. रस्त्यावर दुर्दैवाने काही घडले, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात कर्त्या माणसाची कमाई सिद्ध करायलाही तेच विवरणपत्र कामी येते. शून्य कराचे विवरणपत्रही म्हणून बिनकामाचे नसते.

परवा तेच ट्रकवाले सभासद पुन्हा कचेरीत आले होते. या खेपेस पॅन, प्रतिज्ञापत्र आणि गेल्या वर्षीच्या विवरणपत्राची पोच एका पिशवीत घालून. म्हणाले, “बघा साहेब, समदं हाय का नीट.” सगळे नीट होते. बाकीच्या सभासदांनीही मोळी पडण्यापूर्वी आपापली पिशवी एकदा तपासून घ्यावी, एवढीच आमची विनंती.